कपाळावरचं तेल

रविवार, ४ ऑगस्ट २०१३ची सकाळ. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात सेंटर नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्याजवळ १९ क्रमांकाच्या महामार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका जुन्या, भक्कम बांधणीच्या मर्सिडीजमध्ये १९ वर्षांची एक मुलगी अडकून पडली. गाडी चालकाच्या बाजूवर कलंडलेली आणि मुलगी स्टिअरिंग आणि सीट यांच्या मध्ये चेपलेली. अग्निशमन दलाची माणसं पाऊण तास पत्र्याशी झुंजत होती आणि हत्यारं एकेक करून हरत होती. मुलीचा रक्तदाब ढासळत चालला होता. तिने एकच मागणं मागितलं: कुणीतरी माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करा.

तेवढ्यात काळ्या पोशाखातले, पांढऱ्या केसांचे एक कॅथलिक धर्मगुरू गाडीजवळ आले. त्यांच्या हातात पवित्र तेल होतं. त्यांनी मुलीला अभ्यंग केला, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार दिला, प्रार्थना केली. थोड्याच वेळात शेजारच्या हॅनिबल शहराचं दल ताजी अवजारं घेऊन पोचलं, गाडी सरळ करण्यात आली आणि मुलगी बाहेर निघाली. दलाची माणसं आभार मानायला वळली तेव्हा फादर तिथे नव्हते. रस्ता दोन्ही बाजूंनी बंद होता. घटनास्थळाचे सत्तरच्या आसपास फोटो काढलेले होते, त्यातल्या एकातही ते दिसेनात.

पुढचा आठवडाभर जगभरच्या बातम्यांत देवदूत उतरला होता. त्या धर्मगुरूंचं रेखाचित्र छापून आलं, कुणाला त्यात इटलीचे संत पाद्रे पियो दिसले. ज्या मुलीचा जीव जाता जाता राहिला तिच्या घरच्यांना, तिच्यासाठी घाम गाळलेल्या माणसांना हे स्वर्गातून आलेलं वाटलं, यात नवल काहीच नाही.

आठवड्याने खुलासा झाला. ते जेफर्सन सिटी धर्मप्रांताचे फादर पॅट्रिक डाऊलिंग होते. मूळचे आयर्लंडचे, १९८२ मध्ये गुरुदीक्षा झालेले, तुरुंगातल्या कैद्यांची आणि स्पॅनिश बोलणाऱ्या भाविकांची सेवा करणारे. त्या रविवारी एक धर्मगुरू आजारी होते म्हणून त्यांच्याऐवजी युइंग या गावी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करून ते परतत होते. वाटेत अपघात दिसला. जितकी जवळ नेता आली तितकी गाडी नेऊन त्यांनी ती कडेला लावली, उरलेलं अंतर चालत गेले, पोलीस अधिकाऱ्याची परवानगी घेतली आणि मुलीपाशी पोचले.

खुलासा झाल्यावर पुष्कळांचा हिरमोड झाला. देवदूत निघाला नाही, साधे फादर निघाले! मला मात्र या प्रसंगाचं मोल इथून पुढेच सुरू होतं असं वाटतं. म्हणून आधी त्या गाडीत नेमकं काय चाललं होतं ते बघू. श्रद्धेच्या प्रश्नाला हात घालण्याआधी पत्रा, रक्त आणि हवालदाराची शिट्टी यांचा हिशेब चुकता केलेला बरा.

चेपलेल्या गाडीतून माणूस काढायची एक ठरलेली रीत असते. दलाचा प्रमुख आधी गाडीभोवती एक फेरी मारतो: इंधन गळतंय का, विजेची तार पडली आहे का, आणखी कोणी बाहेर फेकलं गेलंय का. मग गाडी स्थिर करतात. खाली लाकडी ठोकळे आणि पाचरी सरकवतात, आडव्या गाडीला टेकू देतात, कारण गाडी बोटभर हलली तरी आतल्या माणसाच्या मणक्याला हिसका बसतो. बॅटरीची ऋण तार आधी काढतात. न फुटलेल्या एअरबॅगपासून अंतर ठेवतात: बाजूच्या बॅगपासून सुमारे १२ सेंटिमीटर, स्टिअरिंगमधल्यापासून २५, डॅशबोर्डमधल्यापासून ५०. काचा काढतात. एक जण जखमी माणसाच्या नजरेसमोर राहून बोलत राहतो, म्हणजे आवाजाच्या दिशेने त्याला मान वळवावी लागत नाही. हे सगळं झाल्यावर कटर आणि स्प्रेडर. छताचे खांब कापायचे, दार बिजागरीपासून फाकवायचं, डॅशबोर्ड पुढे रेटायचा.

ही अवजारं तेलाच्या दाबावर चालतात. आजच्या अनेक पंपांत हा दाब ७०० बारच्या आसपास असतो. तरीही ती हरतात, आणि त्याची कारणं साधी असतात. पातं बोथट झालेलं असतं. पातं खांबाला काटकोनात न लागता तिरकं लागतं, मग ते कापण्याऐवजी पिळवटतं आणि दोन पात्यांत फट पडते. खांबाच्या आत सीटबेल्टच्या यंत्रणेचा जाड भाग असतो, नेमका त्याच्यावर घाव पडतो. नव्या गाड्यांत बोरॉनमिश्रित पोलाद असतं, ते जुन्या कटरला दाद देत नाही. जुन्या दणकट गाड्यांत पोलादच जाड. गाडी कुशीवर पडलेली असेल तर निम्मे खांब जमिनीकडे, तिथे हत्यार घालायला जागाच नसते.

मुलीचं शरीर खचत चालल्यावर दलाने ठरवलं की गाडी चाकांवर उभी करायची. हा निर्णय जिवावरचा होता. कुशीवर पडलेली गाडी शक्यतो आहे तशीच ठेवून कापतात. चेपलेल्या अवयवावरचा दाब हाच कधी कधी रक्तस्राव थोपवून धरणारा बोळा असतो, तो निघाला की रक्तदाब कोसळतो. शिवाय दबलेल्या स्नायूंत साठलेलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन सुटकेबरोबर रक्तात उतरतं. पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडं तुंबवतं. हे सहसा काही तास चेपलं गेल्यावर होतं, पण मोठा स्नायू असेल तर तासाभरातही होऊ शकतं. म्हणून दाब काढण्याआधीच शिरेतून सलाइन चालू करतात, मोठ्या माणसाला तासाला लिटर-दीड लिटर या वेगाने. बाहेर काढेपर्यंत बोलत असलेला माणूस स्ट्रेचरवर ठेवताक्षणी जातो, हे या कामातल्या माणसांनी पाहिलेलं असतं. गाडी सरळ करताना त्यांच्या छातीत काय झालं असेल, याची त्यावरून कल्पना यावी.

तर मग चमत्कार कोणता? ताजी अवजारं आली, गाडी उभी झाल्यावर खांबांना हत्यार लागू शकलं, माणसं वाढली. सुटकेला ही कारणं पुरेशी आहेत. एखादा श्रद्धाळू म्हणेल, पण प्रार्थनेनंतरच सगळं कसं जुळून आलं? त्याला उत्तर द्यायला घाई करू नये. आधी साक्षी तपासाव्यात.

दलाच्या प्रमुखाने आणि आणखी एका जवानाने सांगितलं की शांत राहा, आता तुमची हत्यारं चालतील, असं आपल्याला स्पष्ट ऐकू आलं. फादर डाऊलिंग यांनी नंतर लिहिलं की यंत्रं चालू लागतील किंवा तिला काढण्यात यश येईल असं काही आपण बोललोच नाही. एक बाजू खोटं बोलते आहे असं मानायचं कारण नाही. जिवाच्या आकांताने काम करणाऱ्या माणसाचं लक्ष एका बिंदूवर आवळलेलं असतं. शेजारी कोण उभं आहे ते दिसत नाही, ऐकलेलं आणि मनात उमटलेलं यातली सीमा पुसट होते. फोटोंचंही तसंच. फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा गाडीवर रोखलेला, आणि काही मिनिटांपुरते जवळ आलेले फादर एकाही चौकटीत सापडले नाहीत, एवढंच. आणि बंद रस्ता? तो बंद करणाऱ्यांनीच फादरना आत सोडलं होतं.

ही उकल एका धर्मगुरूच्या प्रामाणिकपणामुळे झाली. ते गप्प बसले असते तर आज त्या जागी कदाचित एखादं देवस्थान उभं असतं. त्यांनी सांगितलं की त्या दिवशीच्या प्रार्थनांना जे उत्तर मिळालं त्याचा आपण केवळ एक भाग होतो, आणि पाठोपाठ दोन्ही दलांचं, पोलिसांचं, हवाई रुग्णवाहिकेच्या पथकाचं अभिनंदन केलं.

आता तेलाकडे येतो, कारण बातम्यांत सगळ्यात कमी लिहिलं गेलं ते त्याच्याबद्दल.

जुन्या पिढीत याला शेवटचा अभ्यंग म्हणत. त्यामुळे फादर घरात तेल घेऊन आले की रडारड सुरू व्हायची, आणि अजूनही काही घरांत ‘इतक्यात नको बोलवायला, आजारी माणूस घाबरेल’ म्हणून माणूस बेशुद्ध होईपर्यंत थांबतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या १९६०च्या दशकातल्या बैठकीनंतर, चर्चने या संस्काराचं मूळ रूप पुन्हा पुढे आणलं: हा आजाऱ्यांचा अभ्यंग आहे, मरणाऱ्यांपुरता राखून ठेवलेला नाही. त्याचा आधार याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या १४व्या आणि १५व्या ओवीत आहे. तुमच्यात कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी.

तेल ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या विशेष मिस्सेत महागुरुस्वामी (बिशप) आशीर्वादित करतात आणि तिथून ते प्रत्येक धर्मग्रामात पोचतं. वर्षभराने उरलेलं तेल जाळतात किंवा दिव्यात वापरतात. ते शक्यतो ऑलिव्हचं असावं. पण ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी मुभा दिली की जिथे ऑलिव्ह मिळत नाही तिथे दुसरं कोणतंही वनस्पतीतेल चालेल. म्हणजे कोकणात, गोव्यात खोबरेल चालतं, देशावर शेंगदाण्याचं चालतं. खनिज तेल चालत नाही. अपघाताच्या जागी इंजिन ऑइलचे ओघळ वाहत असतात, त्याचा उपयोग नाही, पण शेजारच्या घरातली खोबरेलाची बाटली उपयोगी पडते. गरजेच्या वेळी धर्मगुरू ते तेल तिथल्या तिथे, विधी चालू असतानाच, स्वतः आशीर्वादित करू शकतात.

बहुतेक फादर अंगठ्याएवढी धातूची डबी जवळ बाळगतात. तिचं झाकण फिरकीचं असतं आणि आत तेलात भिजलेला कापसाचा बोळा. बोळा अशासाठी की डबी उलटी झाली तरी तेल सांडत नाही आणि अंगठा टेकवला की नेमकं पुरेसं लागतं. गाडीच्या कप्प्यात उन्हाळाभर डबी राहिली तर तेल खवट होतं, कापूस पिवळा पडून चिकट होतो. म्हणून ती अंगावरच्या खिशात ठेवलेली बरी, आणि कापूस मधूनमधून बदलावा. जुना बोळा कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात.

विधी नेहमीचा असेल तर डोक्यावर हात ठेवून मौन, मग कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर तेल. शब्दांचा आशय असा: या पवित्र अभ्यंगाद्वारे प्रभू आपल्या प्रेमाने आणि करुणेने पवित्र आत्म्याच्या कृपेसह तुला साहाय्य करो, पापांतून मुक्त करणारा प्रभू तुला तारो आणि उठवो. निकडीच्या वेळी कपाळावर एकदाच लावून पूर्ण प्रार्थना म्हटली तरी संस्कार पुरा होतो. कपाळापर्यंत हात पोचत नसेल तर शरीराचा जो भाग हाताशी येईल तो. धर्मगुरूने स्वतःच्या हाताने लावायचं, गंभीर कारण असेल तरच साधनाने. जखमी शुद्धीवर असेल तर आधी पापनिवेदन, त्याचं अगदी त्रोटक रूप चालतं, आणि पापक्षमा, मग तेल. बेशुद्ध असेल तर शुद्धीत असता त्याने हे मागितलं असतं असं धरून देतात. प्राण आहे की गेला याची शंका असेल तरीही देतात. शेवटच्या प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तशरीर (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) देण्याची पद्धत आहे, पण ज्याला थोड्याच वेळात शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यायचं आहे त्याच्या तोंडात काही घालू नये हे वैद्यकीय पथक सांगेल, आणि ते ऐकायचं.

जखमी कॅथलिक नसेल तर? दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती माणूस मृत्यूच्या छायेत असेल, त्याचा स्वतःचा धर्मसेवक मिळण्यासारखा नसेल, त्याने स्वतः मागितलं असेल आणि या संस्काराविषयी कॅथलिक श्रद्धा त्याच्या ठायी असेल तर धर्मनियम परवानगी देतात. बाप्तिस्मा न झालेल्यासाठी अभ्यंग नाही. त्याच्याजवळ बसून हात धरायला आणि त्याला हवी असल्यास प्रार्थना करायला कोणतीच आडकाठी नाही.

या संस्काराचं वचन काय आहे? धैर्य, शांती, पापांची क्षमा, ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडलं जाणं, आणि आत्म्याच्या हिताचं असेल तर शरीराचं आरोग्य. हा क्रम मुद्दाम नीट वाचावा. आरोग्य आधी येत नाही, आणि येतं ते अटीसह येतं. तेल लावलं आणि हत्यारं चालू लागली, असं जोडून टाकणं म्हणजे चर्चने न दिलेलं वचन तिच्या तोंडी घालणं. दिलेलं वचन मात्र त्या सकाळी पाळलं गेलं. मुलीला एकटं वाटलं नाही, आणि सभोवतालच्या माणसांनी सांगितलं की तिथे एक शांतता पसरली. पाऊण तास हरलेल्या दलाच्या हातांची थरथर थांबणं हीही मोठी गोष्ट आहे. जीव घेण्या-देण्याचे निर्णय थरथरत्या हातांनी घेता येत नाहीत.

चर्च ‘चमत्कार’ हा शब्द किती जपून वापरते हे आपल्याकडच्या पुष्कळ भाविकांनाही ठाऊक नसतं. अठराव्या शतकात प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी, म्हणजे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झालेल्या विद्वानाने, घालून दिलेल्या कसोट्या आजही पाया आहेत. आजार गंभीर हवा, तो आपोआप उतरणीला लागलेला नसावा, औषधांनी तो बरा झाल्याचा संभव नसावा, बरं होणं तात्काळ, पूर्ण आणि टिकाऊ हवं. कागदपत्रं धर्मप्रांतात गोळा होतात, साक्षी घेतात, मग रोममध्ये डॉक्टरांचं मंडळ बसतं. २०१६च्या नियमांप्रमाणे ते सात तज्ज्ञांचं असतं, आणि विज्ञानाला याचा उलगडा होत नाही असा कौल सातांपैकी किमान पाच जणांनी द्यावा लागतो. एकच प्रकरण तीनपेक्षा जास्त वेळा तपासता येत नाही. डॉक्टर ‘चमत्कार’ म्हणत नाहीत, ते फक्त उलगडा होत नाही म्हणतात. त्यानंतर धर्मपंडित, कार्डिनल आणि बिशप, शेवटी पोप. आणि कृपा कोणाच्या मध्यस्थीने मागितली होती हे स्पष्ट असावं लागतं.

या मापाला मिझुरीचा प्रसंग उतरत नाही. कोणा संतपदाच्या उमेदवाराची मध्यस्थी मागितलेली नव्हती. मुलीची मोडलेली हाडं आणि पोटातल्या इजा शस्त्रक्रियांनी, उपचारांनी, महिनोन्‌महिन्यांच्या कष्टाने भरून आल्या.

रस्त्यावरचा अपघात या कसोटीला उतरल्याचं उदाहरणही आहे, आणि ते अगदी अलीकडचं. जुलै २०२२ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये कोस्टा रिकाची एक विद्यार्थिनी सायकलवरून पडली. डोक्याला भीषण मार लागला, मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी कवटीचा भाग काढावा लागला, वाचण्याची आशा फार थोडी. ८ जुलैला तिची आई असिसीला, तेव्हा संतपदाच्या वाटेवर असलेल्या कार्लो आकुतिस यांच्या कबरीपाशी गेली आणि दिवसभर प्रार्थनेत राहिली. त्याच दिवशी मुलीचा श्वास यंत्राविना सुरू झाला. दुसऱ्या दिवशी हालचाल आणि थोडी वाचा परतली. १८ जुलैच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसेना. मेमध्ये, २०२४ साली, पोप फ्रान्सिस यांनी हा चमत्कार मान्य केला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी कार्लो यांना संत घोषित केलं. इथे मध्यस्थीचं नाव आहे, तारखा आहेत, आधीचं आणि नंतरचं स्कॅन आहे.

चमत्कार आजारापुरतेच मर्यादित असतात असंही नाही. २६ ऑगस्ट १९८८ रोजी पेरूची पाकोचा नावाची पाणबुडी कायाओ बंदराजवळ एका जपानी मासेमारी जहाजाच्या धडकेने बुडाली. आतल्या एका अधिकाऱ्याने क्रोएशियाच्या मारिया पेतकोविच या धर्मभगिनीचा धावा केला आणि लोंढ्याने आत घुसणाऱ्या पाण्याविरुद्ध झाकणदार बंद केलं. हे मनुष्यबळाने शक्य नव्हतं असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आल्यावर तो प्रसंग मान्य झाला आणि २००३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या भगिनीला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. म्हणजे पोलाद आणि दाब यांचीही चौकशी चर्चला वर्ज्य नाही. कटरचं पातं चाललं, एवढ्यावर मात्र ती थांबत नाही.

ही काटेकोरी कोरडेपणातून येते असं मला वाटत नाही. आपल्याकडे भीषण अपघातातून एखादा बचावला की हमखास म्हणतात, देव तारी त्याला कोण मारी. म्हणणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते. पण त्याच अपघातात शेजारच्या सीटवरचा गेलेला असतो, आणि त्याची आई ते वाक्य ऐकते. मग तिच्या मुलाला देवाने का तारलं नाही? त्याची प्रार्थना कमी पडली का? त्याच्या कपाळावर तेल लावायला कोणी पोचलं नाही म्हणून तो गेला का? येशूने या प्रश्नाला थेट उत्तर दिलेलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेल्याचा उल्लेख येतो. ते यरुशलेममधल्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असं तुम्हांला वाटतं काय, असं तो विचारतो, आणि स्वतःच नाही म्हणतो. शुभवर्तमानातला हा एकमेव इमारत-अपघात आहे, आणि त्यावर येशूने मेलेल्यांच्या बाजूने बोलून ठेवलेलं आहे. चमत्काराचा शिक्का सैल हाताने मारला तर आपण त्या अठरा जणांवर पुन्हा बुरूज पाडतो.

याच शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात रस्त्यावर पडलेल्या जखमीची गोष्ट आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी ती वाट सुमारे २७ किलोमीटरची, हजारेक मीटर खाली उतरणारी, लुटारूंसाठी सोयीची. याजक आला आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही गेला. ज्यूंनी परका मानलेला शोमरोनी थांबला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, बांधलं, आपल्या जनावरावर बसवलं. द्राक्षारस जखम धुवायला, तेल ती मऊ ठेवायला, त्या काळचा प्रथमोपचारच तो. मिझुरीत याजक थांबला, आणि त्याच्या हातात तेलच होतं. लूकची ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेल्या कोणत्याही कॅथलिक माणसाला हे वाचताना गलबलून यावं.

वसईपट्ट्यातल्या आपल्या माणसांना मुंबई-अहमदाबाद महामार्ग रोजचा आहे. बांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि मेणाच्या गाड्याही विकायला असतात. नवस बोलणाऱ्याला मी कधीच अडवणार नाही. सोबत एवढंही असावं: पाकिटात एक चिठ्ठी, मी कॅथलिक आहे, धर्मगुरूंना बोलवा, आणि खाली जवळच्या माणसाचा नंबर. फोन कुलूपबंद असतानाही दिसेल असा तातडीचा नंबर. अपघात दिसला तर आधी १०८. गाडी अपघाताच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, धोक्याचे दिवे लावून उभी करायची. हेल्मेट ओढून काढायचं नाही, पाणी पाजायचं नाही, वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, आणि सद्हेतूने केलेल्या मदतीत चूक झाली तरी दावा लावता येत नाही. त्याच कायद्यात इजा झाल्यानंतरच्या पहिल्या तासाला सुवर्णतास म्हटलं आहे. पाय उचलत नसतील तेव्हा हे आठवावं.

फादर असाल तर पांढरा झगा किंवा कॉलर दिसू द्यावी, म्हणजे पोलीस आत सोडतात. पण प्रमुखाला विचारल्याशिवाय कड्याच्या आत जाऊ नये. बचाव पथक गाडीभोवती सुमारे पाच मीटरचं कडं मोकळं ठेवतं, आणि तिथे उभा असलेला रिकाम्या हातांचा प्रत्येक माणूस त्यांच्या वाटेत असतो. जखमीच्या समोरून जावं, कानामागून बोलू नये. हातमोजे मागून घ्यावेत, ते त्यांच्याकडे असतात. विधीचं लहान रूप धरावं. पुस्तक उघडायला वेळ नसतो, म्हणून ती प्रार्थना पाठ असावी. झालं की बाजूला व्हावं.

फादर डाऊलिंग यांनी हेच केलं. पापक्षमा दिली, अभ्यंग केला, पाय दुखायचा थांबू दे अशी प्रार्थना तिने मागितली तीही केली. मग हवाई रुग्णवाहिकेचा वैमानिक आणि आणखी काही जण वाट पाहत उभे होते तिथे जाऊन ते उभे राहिले आणि मनातल्या मनात जपमाळ म्हणू लागले. हेलिकॉप्टर उडायच्या बेतात आलं तेव्हा ते निघाले. पोलीस अधिकाऱ्याचा हात हातात घेऊन त्यांनी आभार मानले. आपल्या गाडीपर्यंत पोचायच्या आतच त्यांच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर क्विन्सी शहराच्या दिशेने निघून गेलं होतं.